गिटार, सरगम आणि दहावीची परीक्षा

दरसाल जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे पालकांच्या तोंडीं एक तक्रार हटकून येते. पूर्वीं ती क्रिकेटच्या बॅटीविषयीं असे; पुढें ती मोबाइलविषयीं येऊं लागली; आणि अलीकडे तिच्यांत गिटारची भर पडली आहे. आमच्या तीर्थपुरीसारख्या गांवीं, जेथें कापूस, ऊस आणि पाऊस यांखेरीज चौथ्या विषयावर बाजारांत फारसें बोलणें निघत नाहीं, तेथें हें वाद्य येऊन पोहोंचलें कसें, याचेंच कित्येकांस नवल वाटतें. परंतु तें पोहोंचलें आहे खरें. एखाद्या मुलाच्या पाठीवर दप्तर आणि दप्तरावर आडवी टाकलेली काळी लांब पिशवी दिसली कीं आम्ही ओळखतों. आणि अशा मुलाच्या घरीं लवकरच वाद निघणार, हेंही ओळखतों. "हें शिकून काय होणार?" हा त्या वादांतील मुख्य प्रश्न असतो. या प्रश्नाचें उत्तर आम्हीं एकदां घाईनें दिलें आणि तें चुकलें. तें कसें चुकलें व त्यानंतर आम्हांस काय कळलें, हें विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. नववीच्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत मध्यम, गणितांत जरा कच्चा. परंतु सकाळच्या प्रार्थनेस पहिला सूर लावावयाचा तो त्यानेंच. मामानें आणून दिलेली एक साधी गिटार त्याच्याजवळ होती, आणि मोबाइलवर पाहून पाहून तो ती वाजवावयास शिकत होता. एके संध्याकाळीं त्याचे वडील आमच्या घरीं आले. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या खालीं ठेवीत ते म्हणाले, "सर, लेकरू तुमचं ऐकतंय. दहावी होईपर्यंत ते तुणतुणं बाजूला ठेव म्हणून तेवढं तुम्ही सांगा. आमच्यानं आता सांगणं होईना." ते रागावलेले नव्हते; काळजींत होते. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्याचा संसार, त्यास मुलाच्या दहावीची काळजी नसावी, असें कोण म्हणेल?

आम्हीं दुसऱ्याच दिवशीं मधल्या सुट्टींत मुलास बोलावून सांगितलें, "बाळ, वर्षभर ती गिटार कपाटावर ठेव. परीक्षा झाली म्हणजे आयुष्य मोकळें आहे." त्यानें मान डोलावली. तो आज्ञाधारक मुलगा होता, आणि तेंच आम्हांस आज अधिक लागतें. गिटार कपाटावर गेली. रोज जो अर्धा तास तिच्यावर खर्च होत असे, तो अभ्यासाकडे गेला असता तर आमचा सल्ला खरा ठरला असता. परंतु तो अर्धा तास मोबाइलवरील खेळांत गेला, आणि आपल्याबरोबर आणखी एक तास घेऊन गेला. प्रार्थनेच्या वेळीं मुलगा रांगेंत उभा राही. पण पहिला सूर दुसऱ्या कोणी लावावा लागे. दहावींत त्यास जे गुण मिळाले, ते नववीच्या गुणांहून फारसे निराळे नव्हते. दाखला नेण्यास आला तेव्हां तो ती काळी पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "सर, ही तुमच्याकडे राहू द्या. शाळेत कुणाला लागली तर द्या. माझं आता सुटलं." त्याच्या बोलण्यांत रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

ती पिशवी महिनाभर आमच्या टेबलाखालीं पडून होती. पुढें एके रविवारीं आम्हीं ती उघडली. ज्या वाद्याविषयीं आपण निकाल देऊन मोकळे झालों, तें आहे तरी काय, हें निदान स्वतः पाहावें, असें मनानें घेतलें; आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, केस पिकूं लागलेले असतांना, आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों. वर्गांत उभें राहून शिकविणारानें मधून मधून अशा रीतीनें खालीं बसावें हें फार चांगलें. नवशिक्याची लाज काय असते, हें आम्ही वीस वर्षें विसरून गेलों होतों.

पहिल्या आठवड्यांत डाव्या हाताच्या बोटांचीं टोकें अशीं दुखलीं कीं, त्या हातानें गरम चहाचा पेला धरवेना. तार पडद्यावरच दाबली तर सूर बसका येई. पडद्यापासून फार दूर दाबली तर ती घरघरे. पडद्याच्या लगत, किंचित् अलीकडे दाबावी, तेव्हां कोठें स्वच्छ सूर निघे. (सतारीच्या दांडीवर जसे पडदे असतात तसेच गिटारच्याही दांडीवर असतात, इतकेंच कीं, सतारीचे पडदे सरकवितां येतात आणि गिटारचे पक्के बसविलेले असतात.) एक बोट नीट बसवावें तों दुसरें शेजारच्या तारेस टेकून तिचा आवाज मारी. आमच्या घरच्या मंडळींनीं तो पहिला महिना मोठ्या सोशिकपणें काढला. तीन-चार आठवड्यांनीं बोटांस घट्टे पडले व दुखणें थांबलें. ज्या मुलांनीं सुट्टींत हातांत खुरपें धरिलें आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. हातास काम नवें असतें तोंवर तें टोंचतें. मग हात कामाचा होतो. पुष्कळ मुलें गिटार सोडतात तीं याच पहिल्या महिन्यांत सोडतात, आणि आपल्यांत कलाच नाहीं असें समजतात. त्यांस आम्ही सांगतों कीं, हा कलेचा प्रश्न नसून कातडीचा आहे.

परंतु बोटांहून अधिक घाबरविलें तें शास्त्रानें. मोबाइलवर जो तो "स्केल", "कॉर्ड", "मेजर", "मायनर" असे शब्द फेंकीत होता, आणि आम्हांस वाटूं लागलें कीं, हें कांहीं तरी परक्यांचें गूढ आहे. एके दिवशीं त्या सहा मोकळ्या तारा आम्हीं पेटीजवळ घेऊन बसलों आणि मनाशीं ठरविलें कीं, सगळ्यांत जाड तारेस सा म्हणावयाचें, मग बाकीच्या काय म्हणतात तें पाहूं. पाहतों तों दुसरी तार मध्यम बोलते, तिसरी कोमल निषाद, चौथी वरच्या सप्तकांतील कोमल गंधार, पांचवी पंचम, आणि सहावी, सगळ्यांत बारीक, पुन्हां सा. मात्र पहिलीहून दोन सप्तकें उंच. सा, कोमल ग, म, प, कोमल नि: हे तर धानी रागाचे पांच स्वर! राग म्हणजे कांहीं केवळ स्वरांची यादी नव्हे, हें आम्ही जाणतों. तरीही ज्या वाद्यास आम्ही परकें समजत होतों, त्याच्या मोकळ्या तारांत आपल्या ओळखीचे स्वर बसलेले पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो सांगतां येत नाहीं. त्या दिवशीं आमची भीति गेली.

मग एकामागून एक गोष्टी उलगडूं लागल्या. गिटारच्या दांडीवर बारा पडदे चढलें कीं सूर नेमका एक सप्तक वर जातो. आपल्या पद्धतींतही सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून बाराच स्वर होतात. ज्यास गिटार शिकणारीं मुलें मेजर स्केल म्हणतात, तो आपला बिलावल थाट: दोन पडदे, दोन पडदे, एक, मग दोन, दोन, दोन, एक, बेरीज बारा. एवढें एक गणित पाठ झालें कीं कोणत्याही तारेवर, कोठूनही आरंभ करून सा रे ग म वाजवितां येतें. ज्यास मायनर म्हणतात, त्यांतील मुख्य प्रकार म्हणजे आपला आसावरी थाट. कॉर्ड म्हणजे एका वेळीं वाजणारे तीन वा अधिक स्वर: सा, ग, प एकत्र वाजविले कीं मेजर, त्यांतील ग कोमल केला कीं मायनर. हें हातानेंच पाहावें. जाड तारेकडून मोजतां दुसरी व तिसरी तार दुसऱ्या पडद्याजवळ दाबावी आणि सगळ्या तारा छेडाव्या. सायंकाळीं माळावर उभें राहिल्यासारखें मन होतें. मग चौथी तार पहिल्या पडद्याजवळ दाबून पुन्हां छेडावी. कोमल गंधार शुद्ध झाला आणि जणूं खिडकी उघडली. एका बोटाचें अंतर, आणि उदासाचें उल्हासांत रूपांतर! हें एकदां हातीं लागलें म्हणजे पुस्तकांतील व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

आणखी एक गंमत सांगतों. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे, असे तीन मेळ घेतले तर त्यांत बिलावलचे सातही स्वर येऊन जातात. म्हणूनच साध्या चालीच्या गाण्यास तीन कॉर्ड पुरतात. तीस वर्षें आम्ही उपासनेंत गाणीं म्हणत आलों, पेटीची साथ ऐकत आलों. परंतु त्या साथींत काय चाललें आहे, तें आम्हांस कळलें तें या सहा तारांमुळें. तालाचेंही तसेंच. ज्या गीताच्या माथ्यावर तीन मात्रांचा विलायती आंकडा असतो, त्याची चाल दादऱ्याच्या अंगानें जाते. चार मात्रांचें गीत केरव्यांत सहज बसतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं भजन-कीर्तनाचा मराठी बाज ख्रिस्ती उपासनेंत आणला, तेव्हांपासून आमच्या मंडळींत हे दोन ओघ शेजारीं शेजारीं वाहत आहेत. ते एकमेकांस शत्रु नाहींत, हें गिटार शिकतांना बोटांच्या टोकांस कळतें.

यावर कोणी म्हणेल, "पण गुरुजी, वाद्य विलायती तें विलायतीच." त्यांस आम्ही इतकेंच विचारूं कीं, ज्या पेटीवांचून आपलें भजन चालत नाहीं, ती कोठली? ती एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमध्यें जन्मली. व्हायोलिन कोठलें? तें युरोपांतून आलें, आणि दक्षिणेकडील संगीतानें दोनशें वर्षांपूर्वींच तें आपलेंसें केलें. गिटारचेंही तसेंच होत आहे. तिला आजचें रूप मुख्यत्वें स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिरानें दिलें. परंतु आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनीं ती मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजविले. शिवकुमार शर्मा यांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांच्या जोडीनें १९६७ सालीं निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत ती घरोघर ऐकूं आली. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा हें वाद्य सिद्ध केलें, आणि १९९४ सालीं त्यांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. वाद्य ज्या हातांत नीट रुळतें, त्या हाताचें होतें. नांवांचेंच पाहावयाचें तर, इटलींतील ग्विदो नामक साधूनें अकराव्या शतकांत एका स्तोत्राच्या ओळींचीं आद्याक्षरें घेऊन स्वरांस नांवें दिलीं. आपल्याकडे षड्ज, ऋषभ, गांधार यांचीं आद्याक्षरें घेऊन सा, रे, ग झालें. दोन्ही मुलुखांतील शिक्षकांस मुलांसाठीं एकच युक्ति सुचली, हें आम्हां शिक्षकांस विशेष गोड वाटतें.

तथापि एक आक्षेप खरोखर जड आहे आणि तो लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गिटारचे पडदे पक्के असल्यामुळें तिचे सर्व स्वर अगदीं शुद्ध नसतात. हें मोजूनच पाहूं. तारेची मोकळी लांबी ६५ सेंटिमीटर धरा; पुष्कळ गिटारींची ती तेवढीच असते. बाराव्या पडद्याशीं दाबली असतां पुढें बरोबर अर्धी, म्हणजे ३२.५ सेंटिमीटर, तार उरते आणि वरचा सा बोलतो. मधले पडदे असे बसविलेले असतात कीं, दर पडद्यास कंपनसंख्या सुमारें १.०५९५ पटीनें वाढावी. आतां शुद्ध पंचमासाठीं तारेचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे ४३.३३ सेंटिमीटर, वाजावा लागतो. सातव्या पडद्यापुढें उरते ४३.३८. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. कानास तो जाणवत नाहीं. परंतु तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येणाऱ्या शुद्ध गंधारासाठीं तारेचा चार पंचमांश, म्हणजे ५२ सेंटिमीटर, हवा. आणि चौथ्या पडद्यापुढें उरते ५१.५९. येथें फरक चार मिलिमीटरांचा झाला. गिटारचा गंधार तितका चढा बोलतो, आणि तयार कानास तो खुपतो. हीच तक्रार पेटीविषयींही होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींचीं मापें काढून १९१० सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि १९४० सालीं तर ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलें. ती बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडलें.

मग गिटार टाकून द्यावी काय? आमच्या मतें, नाहीं. दोष माहीत असलेलें वाद्य हें दोष माहीत नसलेल्या वाद्याहून चांगलें. विद्यार्थ्यानें गिटार वाजवावी, आणि त्याबरोबर आठवड्यांतून दोन वेळां तरी तंबोऱ्याच्या सुरांत गावें. तंबोऱ्यासाठीं मिरज प्रसिद्ध. तेथील सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पण गांवीं प्रत्यक्ष तंबोरा नसला तरी मोबाइलमधील तंबोऱ्याचा आवाज आरंभास पुरतो. यामुळें कान गंधाराची खरी जागा ओळखूं लागतो. शिवाय वरील हिशेब नववीच्या मुलानें एक पट्टी घेऊन स्वतः केला, तर त्यास गुणोत्तर म्हणजे काय हें जन्मभर विसरतां येणार नाहीं. आमचा तो विद्यार्थी गणितांत कच्चा होता, असें आम्हीं वर म्हटलें आहे. त्याच्या हातांत गुणोत्तराचें एवढें सुंदर यंत्र होतें, आणि गणित शिकण्यासाठीं तें बाजूस ठेव असें आम्हीं त्यास सांगितलें! या गोष्टीची आठवण झाली म्हणजे आजही आम्हांस अपराध्यासारखें होतें.

आतां शिकण्याच्या रीतीविषयीं. मुलें मोबाइलवर पाहून शिकतात, याबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्या गांवीं गिटारची एक तार तुटली तर नवी जालन्याहून आणावी लागते, त्या गांवच्या मुलानें गुरु कोठून आणावा? परंतु नुसतें पाहून उचलणें आणि समजून घेणें यांत अंतर आहे. मोबाइल बोट कोठें ठेवावें तें दाखवितो; तें बोट तेथेंच कां, हें तो क्वचित् सांगतो, आणि तुमचें बोट चुकलें हें तर कधींच सांगत नाहीं. अशा रीतीनें मुलास दहा गाणीं येतात, परंतु अकरावें आपले आपण काढतां येत नाहीं. वाचतां न येणाऱ्या माणसास दहा पत्रें तोंडपाठ असावीं, तसेंच हें.

या बाबतींत दोन महाराष्ट्रीयांचें आपल्यावर मोठें ऋण आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशानें वकील. परंतु त्यांनीं हिंदुस्थानभर हिंडून, घराणेदार गवयांच्या चिजा मिळवून त्या स्वरलिपींत उतरविल्या, दहा थाटांची मांडणी केली, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा चार भागांचा ग्रंथ आपल्या मराठींत लिहिला. कुरुंदवाडास जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांची दृष्टि लहानपणीं फटाक्याच्या अपघातानें अधू झाली. तरीही त्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि जी विद्या पूर्वीं घराण्याच्या उंबऱ्याआंत राही, ती शाळेच्या बांकावर आणून बसविली. आज आमच्या मुलास वहींत स्वर लिहितां येतात, याचें श्रेय या दोघांचें आहे.

तिसरें उदाहरण गोव्याचें. तेथील चर्चच्या शाळांतून सोळाव्या शतकापासून मुलांस संगीत शिकविण्याची चाल होती. शिकविणारा मेस्त्री मुलास वाद्य लगेच देत नसे. आधीं स्वर वाचून गावयास लावी, आणि वाचन पक्कें झालें म्हणजे मग हातीं व्हायोलिन येई. या शिस्तींतून जे तयार झाले, त्यांच्या वाचनाच्या बळावर पुढें मुंबईच्या चित्रपटांतील मोठमोठे वाद्यमेळ उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकींच. ते पुष्कळांचे गुरु झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकले, आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील ज्या गाण्यांत हें नांव गाजलें, तें शिष्यानें गुरूस केलेलें वंदनच होतें. आमचे पालक त्या गाण्यावर तरुणपणीं नाचले असतील. तें नांव एका खऱ्या शिक्षकाचें आहे, हें त्यांनीं मुलांस अवश्य सांगावें. गोव्यांतील त्या मुलांस केवळ वाजवितां येत नव्हतें, तर वाचतां येत होतें. म्हणून मुंबईंत त्यांचें पोट भरलें. शास्त्र हें कलेचें ओझें नव्हे. तें कलेचें साक्षर होणें होय.

तरीपण पालकांस आम्ही असें आश्वासन देणार नाहीं कीं, मूल गिटार शिकलें म्हणजे त्यास नोकरी मिळेल. तसें बहुधा होणार नाहीं. शास्त्रीय कला, चित्रकला इत्यादिकांच्या प्राविण्याबद्दल दहावीस वाढीव गुण देण्याची पद्धत आहे, हें खरें. परंतु त्या गुणांसाठीं संगीत शिकवूं नये, असेंही आमचें मत आहे. गुणांसाठीं शिकलेलें गुणपत्रिकेबरोबर कपाटांत जातें. १६०८ सालीं येथून जवळच जांब गांवीं ज्यांचा जन्म झाला, त्या समर्थांनीं अभ्यासाचें आणि प्रयत्नाचें महत्त्व सगळ्या महाराष्ट्रास शिकविलें. तोच अभ्यास येथें रोज अर्ध्या तासाच्या रूपानें घडतो. मूल पंधरा दिवस एकाच अडचणीशीं झुंजतें, कोणी पाहत नसतांना झुंजतें, आणि सोळाव्या दिवशीं ती अडचण आपोआप सुटलेली पाहतें. "मला येत नव्हतें आणि आतां येतें" हा अनुभव ज्यानें एकदां घेतला, तो गणिताच्या पुस्तकासमोरही निराळ्या मनानें बसतो. आम्ही हें पुस्तकांत वाचून लिहीत नाहीं. चव्वेचाळिसाव्या वर्षीं हातांनीं शिकून लिहितों.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, वाद्य बंद करूं नका; त्यास वेळ बांधून द्या. संध्याकाळीं अर्धा तास, दिवा लागल्यावर अभ्यास. परीक्षेच्या महिन्यांत अर्ध्या तासाचीं दहा मिनिटें करा, पण तीं दहा मिनिटें राहूं द्या. मुलास "काय वाजवितोस?" असें विचारण्याऐवजीं "आज काय नवें आलें?" असें विचारा. आणि महाग वाद्य घेऊं नका. सूर नीट लागेल, पडदे बोटांस कापणार नाहींत आणि तारा दांडीपासून फार उंच नसतील, एवढें पाहून घ्या.

विद्यार्थ्यांस चार गोष्टी सांगतों. पहिली, रोज बसल्याबरोबर तारा मिळवा. जाड तारेवर पांचव्या पडद्याशीं जो सूर येतो तोच पुढच्या मोकळ्या तारेचा, आणि असेंच पुढें जावें. केवळ चौथीवरून पांचवी मिळवितांना चौथा पडदा घ्यावा. मोबाइलचा कांटा पाहण्यापूर्वीं कानानें मिळवून पाहा. दुसरी, जें वाजवाल तें आधीं तोंडानें सरगमांत म्हणा. जें गातां येत नाहीं तें बोटांस कळत नाहीं. तिसरी, गाणें हळू वाजवा. बरोबर आणि हळू वाजविलेलें पुढें जलद होतें, चुकीचें आणि जलद वाजविलेलें कधींच बरोबर होत नाहीं. चौथी, आमच्या मराठवाड्याच्या उन्हांत गिटार पत्र्याच्या खोलींत ठेवूं नका. उष्णतेनें सरस सुटतो आणि दांडी वांकते. नायलॉनच्या तारांच्या गिटारला पोलादी तारा लावूं नका. तो ताण तिला सोसत नाहीं.

गेल्या जूनपासून शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास आम्ही वर्गांत बसतों. सहा मुलें, तीन गिटारी आणि एक जुनी पेटी. शिकविणारे आम्ही नव्हें; आम्ही त्या सहांत सातवे.

आणि तो मुलगा? दिवाळीच्या सुट्टींत तो जालन्याहून आला होता. तेथें तो तांत्रिक शिक्षण घेतो. आम्हीं त्यास बोलावून घेतलें आणि, "तुला तेव्हां आम्हीं चुकीचें सांगितलें," एवढें स्पष्ट शब्दांत म्हटलें. विद्यार्थ्यापुढें हें म्हणणें सोपें नव्हतें. तो खालीं पाहत राहिला. मग आम्हीं गिटार घेऊन एक मेळ वाजवून दाखविला. तो थोडा वेळ ऐकत राहिला, आणि हंसून म्हणाला, "सर, तुमचा अंगठा चुकतोय. मागं घ्या थोडा." त्यानें आमच्या हातांतून ती घेतली, कानाशीं धरून तारा मिळविल्या, आणि अडखळत अडखळत जुनी चाल वाजविली. बोटांचे घट्टे गेले होते, दुखत असावें. ती तो घरीं घेऊन गेला नाहीं. "शाळेतच असू द्या, सुट्टीत येईन तेव्हा शनिवारी येतो," म्हणाला. पुढच्या सुट्टींत तो येईल कीं नाहीं, आम्हांस ठाऊक नाहीं; आम्ही त्याच्यासाठीं एक खुर्ची रिकामी ठेवतों.

ज्या पालकांच्या घरीं कपाटावर अशी एखादी पिशवी असेल, त्यांनीं ती आज संध्याकाळीं खालीं काढावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.